नावेतून दिसलेला बोगदा

उत्तर इंग्लंडमधील ऑल्स्टन या गावी, नेंट नदीच्या धबधब्याजवळून, १७७६ साली एक बोगदा खोदायला सुरुवात झाली. नाव 'नेंट फोर्स लेव्हल'. वरच्या अंगाला नेंटहेडकडे शिशाच्या खाणी होत्या. त्यांतले पाणी उताराने आपोआप निघून जावे आणि वाटेत नव्या खनिजशिराही हाती लागाव्यात, असा दुहेरी हेतू. आखणीत जॉन स्मीटनचा मोठा वाटा होता. एडिस्टनचे दीपगृह (१७५९) बांधणारा तोच हा. पैसा ग्रीनिच हॉस्पिटलचा, म्हणजे वृद्ध खलाशांना आधार देणाऱ्या संस्थेचा. इथली जमीन तिच्या मालकीची होती.

या परिसराचे वर्णन थॉमस सॉपविथ या सर्वेक्षकाने १८३३ च्या आपल्या पुस्तकात केले आहे. त्यातला बोगद्यामधला नौकाविहार विशेष प्रसिद्ध. मलबा वाहून नेता यावा म्हणून बोगद्याचा पहिला भाग पाण्याने भरलेला, कालव्यासारखा ठेवला होता. भिंतींतून बाहेर आलेल्या खुंट्यांचा आधार घेऊन लांबलचक नाव पुढे ढकलायची. आमच्या मते पुस्तकातला हाच भाग सर्वांत वाचनीय, आणि शिकवण्याच्या दृष्टीने सर्वांत फसवा. नावेतल्या पाहुण्याला दिसतो तयार झालेला सरळ मार्ग. तो अडला कुठे, हे कसे दिसणार?

थोडे गणित करू. लांबी सुमारे पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर. काम १८४२ साली संपले. ६६ वर्षांत ८००० मीटर, म्हणजे वर्षाला १२१ मीटर, दिवसाला ३३ सेंटिमीटर. एक फुटाहून किंचित जास्त! पण ही सरासरी आहे, कुठल्याही एका दिवसाचा वेग नव्हे. तिथे चुनखडक, वालुकाश्म आणि शेल यांचे थर आलटून पालटून येतात. कठीण खडकात पहार व हातोड्याने भोक पाडायचे, त्यात बंदुकीची दारू ठासायची. सुरक्षित वात १८३१ ची आणि डायनामाइट १८६७ चे, म्हणजे बहुतेक काम त्यांच्याविनाच झाले. शेल मऊ, खोदायला सोपा. पण छत ढासळते, मग आधार देण्यात दिवस जातात. शिवाय तोंडापासून जितके आत जावे तितकी हवा कोंदट आणि मलब्याची वाहतूक लांबची.

या अडचणींची खरी नोंद आम्हाला मजुरीत दिसते. त्या भागात खोदकाम ठेक्याने, फॅदमच्या (सहा फुटांच्या) दराने दिले जाई आणि दर तीन महिन्यांनी दर नव्याने ठरे. खडक कठीण लागला की दर चढायचा. म्हणजे ठेक्याची वही हा एक प्रकारे खडकाचा आलेखच! दर ठरल्यावर पुढे खडक अचानक कठीण लागला, तर तोटा मजुराच्या माथी.

आता या बोगद्याला अयशस्वी म्हणायचे का? शिशाच्या बाबतीत, होय. या भागातले बहुतेक खनिज 'ग्रेट लाइमस्टोन' या वरच्या थरात होते आणि ऑल्स्टनकडून येणारा बोगदा कितीतरी खालच्या थरांतून गेला. शिरा भेटल्या, त्यांत माल फारसा नव्हता. वर समृद्ध असलेली शीर खालीही तशीच असेल, ही अपेक्षा तपासायला मात्र दुसरा मार्ग कोणता होता? तेव्हा खडक फोडूनच पाहावे लागे.

म्हणून सॉपविथच्या जोडीला वेस्टगार्थ फॉर्स्टरचे १८०९ चे पुस्तक ठेवावे. न्यूकॅसलपासून क्रॉस फेलपर्यंतचे थर त्यात एकाखाली एक, जाडीसह दिले आहेत. वाचायला ते रूक्ष आहे, हे खरे. पण ती उतरंड आधी फळ्यावर काढावी, तिच्यात बोगद्याची रेघ कुठे येते ते मुलांना शोधू द्यावे, आणि नंतरच सॉपविथच्या नावेत बसावे.