रिकाम्या वावराचे सौंदर्य

निसर्गाचे छायाचित्र हा दलित साहित्य आणि विचाराच्या व्यासपीठावर चर्चा करण्याजोगा विषय आहे काय, असे काही मित्र मला विचारतील. अत्याचाराच्या बातम्या थांबलेल्या नाहीत, शिष्यवृत्तीसाठी विद्यार्थी खेटे घालीत आहेत आणि हा प्राध्यापक सूर्यास्तावर व पळसाच्या फुलांवर लिहायला बसला, असेही कोणी म्हणेल. हा आक्षेप मी समजू शकतो. तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला आहे. सुंदर कशाला म्हणायचे आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा दलित साहित्याच्या चळवळीने विचारलेला मूलभूत प्रश्न आहे. तो कवितेपुरता कधीच नव्हता. आज कॅमेरा घराघरांत, हाताहातांत आहे. आमची मुलेही फोटो काढतात आणि एकमेकांना दाखवतात. मग त्या फोटोंतली नजर कोणाची, हे तपासायला नको काय?

मी सिंदी (रेल्वे) येथे राहतो. वर्ध्याला लागून दुसरी सिंदी आहे, ती मेघे. ही नागपूर-वर्धा लोहमार्गावरची. भोवती काळी जमीन. कापूस, तूर, सोयाबीन. माझ्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. आईबाबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात मजुरी केली. नोकरी लागल्यावर काही वर्षांनी मी हप्त्याने कॅमेरा घेतला आणि छायाचित्रांची आवड असलेल्या दहाबारा जणांच्या एका मंडळात जाऊ लागलो. त्यात शिक्षक आहेत, बँकेतले लोक आहेत, एक डॉक्टर आहेत. महिन्यातून एकदा आम्ही जमतो, आपापली चित्रे भिंतीवर पाहतो, चहा पितो, एकमेकांच्या चुका सांगतो. तेथे कोणी कोणाला हिणवीत नाही. नवख्याचा कॅमेरा साधा असला तर दुसरा आपली लेन्स काढून देतो. माझी जात तेथे कोणी विचारली नाही. हे मी आधीच नोंदवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते या सज्जनांविरुद्धचे आरोपपत्र नाही. ते, आणि त्यांच्याबरोबर मीही, जी नजर वापरतो, त्या नजरेविषयी मला बोलायचे आहे.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. मार्गशीर्षातली सकाळ होती. धुके जमिनीला टेकले होते आणि पऱ्हाटीवर बोंडे फुटून वावर पांढरे झाले होते. मी धुऱ्यावर उभा राहून चित्र घेतले. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात कमरेला ओटी बांधून वाकलेली एक बाई आली होती. ती आमच्याच वस्तीतली, नात्याने माझी मावशी. मंडळात चित्राची वाहवा झाली. मग एक ज्येष्ठ सभासद आपुलकीने म्हणाले, "सर, प्रकाश फार छान पकडलात. पण ती कोपऱ्यातली बाई नजर ओढून घेते. तेवढी काढा, चित्र शांत होईल." दुसरे म्हणाले, "काढली तरी निसर्ग विभागात नाही चालणार. कापूस लावलेला आहे. भूदृश्यात टाका."

मी बाई काढली. चित्र खरोखरच शांत झाले. ते प्रदर्शनात लागले, लोकांनी पाठ थोपटली, मीही खूश झालो. पुढे एकदा मावशीला ते दाखवले. तिने वावर लगेच ओळखले. "हे तं धुऱ्याकडचं वावर होय ना, बापू? त्या दिसी आमी तेथीच वेचत होतो. मंग मानसं कोठी गेली?" मी म्हटले, "मावशी, फोटो चांगला दिसावा म्हणून काढली." ती हसली आणि म्हणाली, "मंग कापूस काय आपोआप घरी गेला?"

बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा १९६३ सालचा कथासंग्रह. त्याचे नाव मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहितो, त्यावर टिपणे देतो. त्या रात्री ते शीर्षक पहिल्यांदा माझ्या अंगावर आले. मी मावशी चोरली होती, आणि बदल्यात शाबासकी घेतली होती.

आता मंडळातल्या त्या दुसऱ्या सूचनेकडे वळू. "कापूस लावलेला आहे, म्हणून निसर्ग नाही" हे त्या गृहस्थांनी मनाने रचलेले नव्हते. छायाचित्रांच्या जागतिक स्पर्धांत निसर्ग विभागाची एक ठरीव व्याख्या आहे. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका, इंग्लंडची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी आणि ‘फियाप’ ही आंतरराष्ट्रीय संघटना यांनी ती मिळून केली आणि २०१५ पासून ती लागू झाली. तिच्यानुसार लागवडीची झाडे, माणसाने केलेले संकर, पाळीव जनावरे या विभागात बसत नाहीत. माणसाच्या वावराच्या खुणाही चालत नाहीत. अपवाद फक्त त्या निसर्गकथेचाच भाग असतील तर. माणसाने बदललेल्या परिसरात राहू लागलेले घुबड किंवा करकोचा, अशी उदाहरणे तेथे दिलेली आहेत. म्हणजे गोठ्याच्या आढ्यावर बसलेले घुबड निसर्गात मोडते. तो गोठा शाकारणारा, त्यातले शेण काढणारा मात्र निसर्गाबाहेर राहतो.

या नियमामागे प्रामाणिक हेतूही आहे, हे मान्य केले पाहिजे. पिंजऱ्यातला वाघ रानातला म्हणून खपवू नये, चित्रात वाटेल ती जोडतोड करून निसर्गाविषयी खोटे सांगू नये, हा त्याचा उद्देश योग्यच आहे. स्पर्धेचा एक विभाग आखण्यापुरता तो नियम ठीक. पण स्पर्धेचा नियम हळूहळू रसिकतेचा नियम होतो, तेव्हा प्रश्न निर्माण होतो. ‘माणूस नसलेले ते शुद्ध’ ही धारणा डोळ्यांत मुरते. आणि शुद्ध-अशुद्ध हे शब्द आमच्या कानांना नवे नाहीत. कोणाच्या स्पर्शाने काय बिघडते, याचा हिशेब या देशात फार जुना आहे. अमेरिकेत किंवा इंग्लंडात केलेला नियम जातीसाठी केलेला नव्हता हे उघड आहे. पण जातीने घडलेल्या डोळ्यांना तो विनासायास मानवतो.

थोडे इतिहासातही डोकावू. मुंबईत छायाचित्रांची पहिली संस्था १८५४ मध्ये निघाली. तिच्या आरंभीच्या मंडळींपैकी विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतल्या जातीजमातींचे चित्रसंग्रह १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतली अनेक चित्रे जोडकामाची आहेत. माणसे एकीकडे उभी करून टिपलेली आणि देखावा दुसरीकडून आणून त्यांच्या पाठीमागे बसवलेला. दीडशे वर्षांपूर्वी माणूस आणि जमीन वेगवेगळी टिपून साहेबाच्या सोयीने जोडली गेली. आज आम्ही जोडलेली माणसे तोडतो. तंत्र बदलले, जमिनीचे आणि तिच्यावर राबणाऱ्याचे नाते काय दाखवायचे, हे ठरवणारा हात अजून वरचाच आहे.

निसर्गचित्रांचे महर्षी मानले गेलेले अमेरिकेचे अॅन्सेल अॅडम्स (१९०२-१९८४) यांचे उदाहरण बोलके आहे. ज्या योसेमिटी खोऱ्याची निर्मनुष्य, भव्य चित्रे त्यांनी काढली, तेथून मूळनिवासींना १८५१ मध्ये सशस्त्र तुकडी पाठवून हुसकावले होते. ते रितेपण निसर्गाने दिलेले नव्हते. याच अॅडम्स यांनी दुसऱ्या महायुद्धात मान्झानारच्या छावणीत डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकनांची छायाचित्रे घेतली आणि १९४४ मध्ये त्यांचे पुस्तक काढले. त्याच काळात, त्याच परिसरात त्यांनी हिवाळ्यातल्या सूर्योदयाचे एक विख्यात चित्र टिपले. तेथल्या लोन पाइन गावातल्या शाळकरी मुलांनी टेकडीवर दगडांनी गावाची आद्याक्षरे मांडली होती. ती अॅडम्स यांनी चित्रातून पुसून टाकली. बंदिवानांची माणुसकी ओळखणारा कलावंतही देखावा करायला बसला की मुलांची अक्षरे पुसतो! माणूस वाईट नसतो. परंपरा त्याच्याकडून ते करवून घेते.

आमच्याच जिल्ह्यात सेवाग्राम आहे. गांधीजी १९३६ मध्ये तेथे राहायला आले आणि भारतीय खेड्याचे एक स्वप्न तेथून देशभर गेले. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या त्या गोडव्याला स्पष्ट नकार दिला. खेडे दुरून पाहणाऱ्याला सुंदर दिसते; त्याच्या वेशीबाहेर राहणाऱ्याला ते वेगळे दिसते. निसर्गचित्र हे बहुतेक वेळा दुरून पाहिलेले खेडे असते. महाडचे चवदार तळेच घ्या. संध्याकाळच्या उजेडात त्याचे चित्र काढले तर सुंदर येईल. पण २० मार्च १९२७ ठाऊक नसलेल्याला त्यात फक्त पाणी आणि प्रतिबिंब दिसेल. पाण्याचे चित्र पाहताना ‘हे पाणी कोणाला मिळत होते?’ असे विचारणे म्हणजे रसभंग नव्हे. तो त्या चित्राचा अर्थच आहे.

जंगलाचेही तसेच. आमच्या सेलू तालुक्यात बोर अभयारण्य आहे. १९७० मध्ये ते अभयारण्य झाले, २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. तेव्हा सुमारे १३८ चौरस किलोमीटरचा तो देशातला अगदी छोटा व्याघ्र प्रकल्प होता. मंडळाबरोबर मीही तेथे गेलो आहे. उन्हाळ्यात पाणवठ्यावर आलेल्या वाघाचे चित्र आम्ही श्वास रोखून पाहतो. पण उन्हाळ्यात जंगलातले कृत्रिम पाणवठे कोणीतरी भरत असतो. वणवा पसरू नये म्हणून उन्हाळ्याआधी जाळरेषा मजूरच काढतात. वाघ वाचला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जंगल राखणारे हे मजूर मात्र आमच्या एकाही चित्रात नाहीत, एवढेच मला म्हणायचे आहे.

येथवर वाचून एखादा तरुण कार्यकर्ता म्हणेल, ‘मग हे निसर्गचित्रच टाकून द्या. आपण गटार, हातगाडी, मोर्चा यांचेच फोटो काढू.’ येथे मला थांबावेसे वाटते. आपल्याच विदर्भातले, अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची जी छायाचित्रे काढली, ती आमच्या काळाचा दस्तऐवज आहेत. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांच्याकडे शहर नाक दाबून पाठ फिरवते, त्यांच्यासमोर ते उभे राहिले. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) कवितेत जे केले, त्याच्याशी या कामाचे नाते आहे. हे काम व्हायलाच हवे.

पण दलिताने फक्त गटाराचेच चित्र काढावे आणि चांदणे इतरांसाठी सोडावे, ही वाटणीही मला मान्य नाही. ती पुन्हा बलुत्याचीच वाटणी झाली. बालकवींची कविता मी आनंदाने शिकवतो. ती मला परकी वाटावी असा कोणाचा हुकूम मी का मानू? माझ्या घरातली एक वस्तू सांगतो. आईबाबांचा लग्नानंतरचा एकच फोटो आहे, स्टुडिओत काढलेला. दोघे ताठ उभे आहेत आणि मागे रंगवलेला पडदा आहे. त्यावर तळे, हंस, कारंजे. ज्यांचे सगळे आयुष्य उघड्या रानात गेले, त्यांच्या वाट्याला ‘निसर्गासमोर उभे राहणे’ आले ते एका भाड्याच्या पडद्यापुढे, तेही मिनिटभर. रान त्यांच्यापुढे रोज होते; त्याच्याकडे नुसते पाहायला सवड नव्हती. मजुरीवर आलेल्या माणसाने धुऱ्यावर उभे राहून उगवता सूर्य पाहिला तर मालक हटकतो. ही सवड मला पगाराने दिली आहे. ती माझ्या मागच्या पिढ्यांची थकबाकी आहे, आणि मी ती सोडणार नाही. पळस फुलला की मी कॅमेरा घेऊन जाणारच.

मग निकष कोणता? माझ्यापुरते मी असे ठरवले आहे. चित्रात माणूस असलाच पाहिजे, अशी सक्ती नको. एकटे झाड, एकटा पक्षी, रिकामे आभाळ यांचे चित्र खरे असू शकते. पण जेथे माणूस होता आणि सुबकपणासाठी आपण तो काढला, तेथे आपण खोटे बोललो. आणि जेथे माणूस नाही तेथे तो का नाही, हे चित्रकाराला तरी ठाऊक असले पाहिजे. जमीन कोणाची, राबते कोण आणि येथे यायला कोणाला मनाई होती, हे तीन प्रश्न मी आता माझ्या विद्यार्थ्यांना त्यांच्या प्रत्येक देखाव्याखाली लिहायला सांगतो. शिक्षक मित्रांनीही हा प्रयोग करून पाहावा. मुले उत्तरे शोधायला घरी जातात आणि आजीला बोलते करतात.

ते न कापलेले चित्र मी पुन्हा मंडळात नेले आणि घडलेली हकिकत सांगितली. थोडा वेळ कोणी बोलले नाही. डॉक्टर म्हणाले, "हे आमच्या लक्षातच आले नाही." ज्यांनी बाई काढायला सांगितले होते, ते मात्र आपल्या मतावर ठाम राहिले. "भावना समजली, पण चित्र म्हणून ते तोललेले नाही. ती कडेला अर्धवट आली आहे, पाय तुटले आहेत," असे ते म्हणाले. मी चित्र पुन्हा पाहिले. त्यांचे म्हणणे खरे होते. मीच तिला नीट टिपले नव्हते. माझे लक्ष धुक्यावर होते आणि ती चुकून आली होती. तिला काढून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हता. मी धुरा उतरून चार तास पुढे जायला हवे होते, तिला हाक मारायला हवी होती.

यंदा वेचणी सुरू झाली की जाणार आहे. मावशीला विचारून ठेवले आहे. ती म्हणाली, "ये. पन उभा नोको राहू नुसता, एक तास धरजो."