चाकूरचा तरवड आणि चौदावा महिना

‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हे पुस्तक सहसा कुणी सलग वाचत नाही. व्ही. एन. नाईक यांचा हा दोन खंडांचा इंग्रजी ग्रंथ १९९८मध्ये औरंगाबादहून प्रसिद्ध झाला. हातातल्या फांदीचं नाव शोधायचं आणि पुस्तक मिटायचं, असा त्याचा वापर. दिवाळीला चाकूरला गेलो असताना मीही तेवढ्यासाठीच ते वनस्पतीशास्त्र शिकलेल्या मित्राकडून आणलं. रस्त्याकडेच्या तरवडाची नोंद बघायची होती. पण अडकलो त्याच्या भाषेत.

अशा ग्रंथात दोन व्याकरणं शेजारी शेजारी नांदतात. पहिलं ओळखसूत्राचं. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? असं असेल तर इकडे, नसेल तर तिकडे. रोज कोड लिहिणाऱ्याला हे लगेच कळतं. ही ‘इफ-एल्स’ची साखळी आहे. दुसरं व्याकरण वर्णनाचं. पानाची लांबी इतकी ते इतकी, फुलं अमुक महिन्यापासून तमुक महिन्यापर्यंत. इथं एकच आकडा क्वचित भेटतो. पहिलं व्याकरण ‘किंवा’वर चालतं, दुसरं ‘ते’वर. नाव हवं असेल तर ‘किंवा’ लागतो. पण ते झाड कसं जगतं हे ‘ते’ सांगतो.

मी घराबाहेरच्या तरवडाची पानं मोजली. मुरमावरच्या झुडपाच्या एका पानाला पर्णिकांच्या नऊ जोड्या, नालीकडच्याला अकरा. मग एकाच झुडपाची चार पानं मोजली, तर त्यांचंही आपसात जुळेना. त्या ‘ते’चा अर्थ मला तिथं उमगला.

घरात मात्र ‘किंवा’चं राज्य होतं. पुतणी चौदा महिन्यांची. रांगली नाहीच, बसूनच सरकते. शेजारचं लेकरू दहाव्या महिन्यात चाललेलं. आजी रोज म्हणायची, “त्येंचं लेकरू पळायलंय, आपलं अजून बसूनच!” आणि बघायची वहिनीकडं. वहिनीच्या फोनमधल्या अ‍ॅपनंही बाराव्या महिन्यापुढं ‘चालते’ लिहून लाल खूण केली होती. त्या खुणेमागं काय असतं ते मला ठाऊक आहे: एक आकडा आणि एक अट. मीही अशा अटी लिहितो. तिच्या दुसऱ्या टोकाला एखादी बाई गप्प होत असेल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

लेकरांच्या चालण्याचा ‘फ्लोरा’ खरं तर उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६मध्ये घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांची नोंद प्रसिद्ध केली. आधाराशिवाय चालण्याचं वय ८.२ ते १७.६ महिने. चारेक टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. न्यूयॉर्कच्या कॅरन अ‍ॅडॉल्फ यांनी सहकाऱ्यांसोबत २०१२मध्ये मांडलेला हिशोब तर आजीलाही आवडला. १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात. म्हणजे पडणं हा चालण्याचाच भाग. आजोबांनी वॉकर आणायचं काढलं, तेव्हा मी कॅनडाचं उदाहरण दिलं. तिथं २००४पासून बसायच्या वॉकरच्या विक्रीवर बंदी आहे. आपला जुना पांगुळगाडा वेगळा. त्यात लेकरू स्वतःच्याच पायांवर उभं राहतं.

आता या ग्रंथाबद्दलची माझी तक्रार. ‘ते’ फरक दाखवतो, फरकाचं कारण दाखवत नाही. नऊ आणि अकरा जोड्यांमागं माती आहे की वाण, हे वर्णनावरून कळत नाही. त्यासाठी प्रयोग लागतो. क्लॉसेन, केक आणि हिसी यांनी कॅलिफोर्नियात एकेका रानझाडाचे तुकडे करून ते वेगवेगळ्या उंचीवर लावले. १९४०मध्ये त्यांनी दाखवलं की जागाही फरक घडवते आणि रक्तही. माणसाच्या लेकराचे तसे तुकडे करता येत नाहीत. म्हणूनच आई हे सगळ्यांत सोपं कारण ठरतं.

आणि हा फरक म्हणजे दोष नव्हे, साठा आहे. आमच्या लातूरच्या डाळमिल तुरीवर चालतात. तुरीची एक रानटी बहीण ओडिशा-छत्तीसगडच्या रानात उगवते. तिच्या पेशीद्रव्यातून आलेल्या नर-वंध्यत्वावर इक्रिसॅटचा ‘आयसीपीएच २६७१’ हा संकरित वाण उभा राहिला आणि २०१०मध्ये मध्य प्रदेशात प्रसारित झाला. जिच्याकडं कुणी पीक म्हणून पाहिलं नसतं, ती अशी उपयोगी पडली.

दुसरी तक्रार भाषेची. मराठवाड्याच्या झाडांचं हे पुस्तक मराठवाड्यातल्या बहुतेकांना वाचता येत नाही. मराठीत आलं असतं तर कदाचित आजीनंही त्यातला ‘ते’ ऐकला असता.

पण ‘ते’ला दोन टोकं असतात, हेही ग्रंथच शिकवतो. ‘होईल आपोआप’ म्हणत बसायला तो परवानगी देत नाही. पुतणी आता पंधरा महिन्यांची आहे, खाटेला धरून उभी राहते. मी फोनमध्ये तिच्या अठराव्या महिन्याची तारीख घालून ठेवलीय. तोवर चालली नाही तर बालरोगतज्ज्ञांकडं जायचं. वहिनीच्या अ‍ॅपमधल्या सूचना तेवढ्या बंद केल्यात.