घड्याळाशेजारची बिऱ्हाडं

संगणकाच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाला लागून, बारक्या चित्रांची एक चाळ आहे. 1995 साली विंडोज 95 बरोबर ती उभी राहिली. मायक्रोसॉफ्ट तिला ‘नोटिफिकेशन एरिया’ म्हणतं, लोक ‘सिस्टिम ट्रे’ म्हणतात. जिथे नावावरच एकमत नाही, तिथे दार कसं वाजवायचं यावर कुठून असणार!

2001 च्या विंडोज एक्सपीत स्पीकरवर एकदा क्लिक केलं की आवाजाची पट्टी यायची, दोनदा केलं की अख्खा मिक्सर (स्वयंपाकघरातला नव्हे). आता विंडोज 11 मध्ये वायफाय, स्पीकर आणि बॅटरी डाव्या क्लिकला एकत्र कुटुंब असतात. उजवं क्लिक करा, की चुली वेगळ्या!

बरं, नियम नाहीत असंही नाही. उजव्या क्लिकला मेनू, दोनदा क्लिक केलं तर मुख्य काम, असं मायक्रोसॉफ्टनेच प्रोग्राम लिहिणाऱ्यांना सांगून ठेवलंय. पण सोसायटीच्या नोटीस बोर्डासारखं ते वाचतो कोण?

आमच्या विरार लोकललाही फलाट कधी डावीकडे येतो, कधी उजवीकडे. पण तिथे नवख्याला चार जण आधी सांगतात तरी. इथे आमच्या शाखेतले निवृत्तीला टेकलेले हेड कॅशिअर, ज्यांच्या बेरजेत तीस वर्षांत पैची चूक नाही, ते माउसवर बोट ठेवून थबकतात. आणि कालचं पोर म्हणतं, “काकांना कॉम्प्युटर जमत नाही.” अहो, त्या चित्रांचं आपसात जमत नाही, त्याचं काय?