जोन ऑफ आर्कचा मूकपट : अस्सल, दुसरी प्रत व प्रक्षेप

पोथ्या व दप्तरें ह्यांच्या शोधासाठीं वाहिलेल्या त्रैमासिकांत मूकपटाची चर्चा कशाला, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. परंतु कार्ल ड्रायर ह्या डॅनिश दिग्दर्शकांनीं फ्रान्समध्यें तयार केलेल्या जोन ऑफ आर्कवरील मूकपटाची हकीकत पाहतां, अस्सल, नक्कल व प्रक्षेप ह्यांविषयींचे आपले नेहमींचे वाद तेथेंही उपस्थित झालेले आढळतात.

ह्या चित्राचा आरंभच मुळीं हस्तलिखितानें होतो. १४३१ सालीं रूआँ येथें जोनवर जो खटला चालला, त्याच्या कागदांचीं पानें एक हात उलटीत आहे, असें प्रथम दिसतें. ह्या कागदांची आवृत्ति पिएर शांपियाँ ह्यांनीं १९२०-२१ सालीं प्रसिद्ध केली होती, व तेच चित्राचे ऐतिहासिक सल्लागार होते. जानेवारीपासून मेपर्यंत चाललेलें प्रकरण ड्रायर ह्यांनीं एका दिवसांत कोंबलें आहे. सबब चित्र हें खटल्याचें साधन म्हणून कोणीं पुढें करूं नये. प्रश्न व उत्तर ह्यांची मूळची झुंज मात्र त्यांत शाबूत उतरली आहे.

२१ एप्रिल १९२८ रोजीं कोपनहेगन येथें पहिला खेळ झाला. ऑक्टोबरांत पॅरिसला जें चित्र लागलें, तें धर्माधिकारी व सरकारी परीक्षक ह्यांची कात्री लागलेलें होतें. ६ डिसेंबर रोजीं बर्लिनच्या आगींत मूळ निगेटिव्ह जळाली. तेव्हां पूर्वीं बाजूस टाकलेल्या चित्रणांतून ड्रायर ह्यांनीं दुसरी प्रत जुळविली. पण १९२९ सालीं तिचीही निगेटिव्ह आगींत गेली. पुढें १९५१ च्या सुमारास लो ड्यूका ह्यांस गोमाँ कंपनीच्या कोठारांत दुसऱ्या प्रतीची एक निगेटिव्ह सांपडली. त्यांनीं तिला जुन्या युरोपीय रचनाकारांचें संगीत जोडलें, मजकुराच्या पुष्कळ पाट्या काढून चित्रावरच अक्षरें छापलीं, व कांहीं ठिकाणीं चर्चच्या रंगीत काचांचीं दृश्यें घातलीं. ड्रायर ह्यांस हें रुचलें नाहीं. तथापि कित्येक वर्षें बहुतेक प्रेक्षकांनीं हीच प्रत मूळ म्हणून पाहिली. ड्रायर १९६८ सालीं निवर्तले.

१९८१ सालीं ऑस्लोजवळील डिकेमार्क मनोरुग्णालयांत, अडगळीच्या कपाटांत, कांहीं डबे मिळाले. ते नॉर्वेच्या चित्रपटसंस्थेकडे गेले, व १९८४ सालीं तपासणी होतांच ती कात्री लागण्यापूर्वींची पहिली प्रत, डॅनिश पाट्यांसह, असल्याचें उघड झालें.

ह्या प्रतीमुळें काय निश्चित झालें? आमच्या मतें, पाट्या ही चित्राची टीका नसून मूळ संहिताच आहे, हें. न्यायाधीशाचे ओठ हलतात, पाटी येते, आणि मग पांढऱ्या भिंतीपुढें, रंगभूषेवांचून, फाल्कोनेती ह्या नटीचा चेहरा दिसतो. प्रश्न वाचून झाल्यावर उत्तराची वाट पाहण्याचा जो क्षण प्रेक्षकास मिळतो, त्यांतच चित्राचें सारें बळ आहे. त्याच चेहऱ्यावर अक्षरें उमटविलीं कीं हा क्षण नाहींसा होतो. लो ड्यूका ह्यांनीं प्रत वांचविली, हें त्यांचें ऋण मान्य. परंतु आपली भर त्यांनीं मूळापासून वेगळी ठेवली नाहीं, हा दोष संपादकास क्षम्य नव्हे.

उलटपक्षीं, अस्सल मिळालें म्हणून दुसरी प्रत टाकाऊ ठरविणें हेंही आम्हांस मान्य नाहीं. ती नकलनविसाची नव्हे, कर्त्याच्याच हातची आहे. प्रक्षेप काढून ती पाठभेद म्हणून पहिलीच्या शेजारीं ठेवावी.

संग्राहकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें. नामांकित चित्रसंस्थांच्या जागीं जें जळालें, तें रुग्णालयाच्या कपाटांत टिकलें. आणि तेथूनही बाहेर आल्यावर त्याची ओळख पटण्यास तीन वर्षें लागलीं. त्या काळची नायट्रेटची फीत आगीस व कुजण्यास फार लवकर बळी पडते. आपल्या पोथ्यांसही कसर व ओल थांबत नाहीं. ज्यांच्या घरीं न उघडलेलीं बाडें आहेत, त्यांनीं तीं याच हंगामांत उघडावीं, आंत काय आहे तें लिहून वर चिठ्ठी लावावी. संपादन मागाहून होईल.