चित्रातून भाषेकडे : माधुरी पुरंदरे यांची बालपुस्तके

सीमाभागातले मूल दोन भाषांत वाढते. आमच्या शहापुरात घरी मराठी, गल्लीत मराठी-कन्नड आणि आता पुष्कळांच्या शाळेत इंग्रजी. मराठी त्याच्या कानांत असते, तोंडात असते. डोळ्यांसमोर मात्र येत नाही. मूल मराठी बोलते, पण वाचत नाही. त्याला वाचते कसे करावे, असे पालक विचारतात, तेव्हा मी त्यांच्यापुढे माधुरी पुरंदरे यांची पुस्तके ठेवतो.

१९५२ साली जन्मलेल्या माधुरीताई मूळच्या चित्रकार. फ्रान्समध्ये शिकलेल्या, फ्रेंचमधून अनुवाद करणाऱ्या, पिकासोचे चरित्र लिहिणाऱ्या. बालसाहित्यासाठी त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लेखणी आणि कुंचला एकाच हातात असल्याने त्यांच्या पुस्तकांत चित्र हे मजकुराची सजावट होत नाही. शब्द जे सांगत नाहीत ते चित्र सांगते, आणि चित्रात दिसते ते शब्द पुन्हा सांगत बसत नाहीत.

‘राधाचं घर’मध्ये एक लहान मुलगी आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. ‘यश’च्या गोष्टींत शाळेत जाणे, हात मोडणे एवढेच प्रसंग. राक्षस नाही, परी नाही, शेवटी तात्पर्यही नाही. तरीही मुले त्यात रमतात, कारण मुलाच्या लेखी हात मोडणे ही लहान घटना नसते. भाषा घरातली, बोलती. उगाच लाडे लाडे केलेली नाही. मोठी माणसेही येथे उपदेशासाठी उभी केलेली नाहीत. ती साधी, हाडामांसाची आहेत.

पण आपल्या भागासाठी मला सर्वांत मोलाचे वाटते ते ‘चित्रवाचन’. यात वाचायची ती चित्रेच. वर्गात ते उघडले, तेव्हा चित्रातल्या एका बाईवर बोट ठेवून एक मुलगा म्हणाला, “ही आमच्या अव्वासारखी बसलीय.” ‘अव्वा नव्हे, आजी म्हण,’ हे माझ्या ओठांवर आले होते. तीस वर्षांची मास्तरकीची सवय! मी गप्प राहिलो. एरवी तोंड न उघडणारा तो मुलगा मग पाच मिनिटे बोलत होता, आणि एक शब्द सोडला तर सारे मराठीतच. चुकीची भीती गेली की भाषा आपोआप वाहते, हे त्या दिवशी मी विद्यार्थ्याकडून शिकलो.

चित्रापासून सुरू झालेली ही वाट पुढे ‘वाचू आनंदे’कडे जाते. बालगट आणि कुमारगट अशा भागांत मराठीतले निवडक उतारे चित्रांच्या सोबतीने तेथे भेटतात. त्यानंतर ‘लिहावे नेटके’. व्याकरणाचा धाक न घालता लिहायला शिकवणारे असे पुस्तक मराठी शिक्षकाच्या टेबलावर असायलाच हवे.

एक उणीव नोंदवतो. या पुस्तकांतले घर बहुधा शिकलेल्या, मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाचे आहे. मागाचा खटखटाट ऐकत वाढलेल्या शहापूरच्या मुलाला त्यात आपले घर शोधावे लागते. हा दोष लेखिकेचा म्हणता येणार नाही. तिने आपल्या ओळखीचे जग प्रामाणिकपणे रंगवले. आपल्या मागांचे, आपल्या दुभाषी अंगणाचे चित्र आपल्यातल्याच कुणी तरी काढायला हवे. ते अजून कुणी काढलेले माझ्या पाहण्यात नाही, याची खंत वाटते.

मराठीच्या हक्कासाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडत आलो. ते योग्यच होते. परंतु भाषा टिकते ती शेवटी मुलाच्या मांडीवर उघडलेल्या पुस्तकात. या दिवाळीत असे एक पुस्तक घरी आणा, मुलाला जवळ घ्या, आणि त्याने अव्वा म्हटले तर म्हणू द्या. पान मात्र त्यालाच उलटू द्या.