दूरध्वनीवरील मरण

म्युरिएल स्पार्क ह्या लेखिकेला स्वतःचा आवाज सापडला तो चाळिशीच्या उंबरठ्यावर. १९१८ साली एडिनबर्गमध्ये जन्म, एकोणिसाव्या वर्षी विवाह, आफ्रिकेत मोडलेला संसार, मग लंडनमधील ओढगस्तीची वर्षे. १९५४ साली तिने कथोलिक श्रद्धा स्वीकारली. त्याच वर्षी भूक मारणाऱ्या गोळ्यांनी तिच्या मनाचा तोल ढळला. ग्रॅहम ग्रीन ह्यांनी तिला पैशांची मदत केली. पहिली कादंबरी १९५७ साली आली आणि दोनच वर्षांनी 'मेमेंटो मोरी'. कथोलिक झाल्यावरच आपल्याला लेखणीचा सूर गवसला, असे ती पुढे सांगत असे.

एकेचाळिशीतील ह्या बाईने सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्यांची कादंबरी लिहावी, हेच नवल! कुणी अनोळखी माणूस दूरध्वनीवरून ह्या वृद्धांना मरणाची आठवण करून देतो. प्रत्येकाला आवाज वेगळा ऐकू येतो. कुणी पोलिसांकडे धावतो, कुणी मृत्युपत्र बदलतो. एकेकाळची नामवंत कादंबरीकार चार्मियन मात्र शांतपणे उत्तर देते.

चार्मियनचा एक प्रसंग मला साऱ्या कादंबरीचा गाभा वाटतो. घरात कुणी नसताना ती धडपडत, एकेक पाऊल जपून टाकत, स्वतःचा चहा स्वतः करते. केवढा तो विजय! आणि मग घर सांभाळणारी बाई तिला पटवू पाहते की, चहा तुम्ही केलाच नाही, मी केला. म्हातारपणाचा एकटेपणा म्हणजे केवळ सोबतीचा अभाव नव्हे; आपल्या शब्दावर कुणी विश्वास न ठेवणे, हे त्याचे अधिक क्रूर रूप. पुढे तिच्या जुन्या कादंबऱ्यांना पुन्हा वाचक मिळू लागतात, तशी तिची स्मृतीही उजळते. नवऱ्याला ते सोसवत नाही, हा लेखिकेचा खास तिरकस चिमटा.

चार्मियनची जुनी मोलकरीण जीन टेलर रुग्णालयात खितपत पडली आहे. तिथे सगळ्याच रुग्णबायांना 'आजी' म्हणतात. आपल्याकडे ह्या शब्दात माया असते. तिथे तो माणसाचे नाव पुसून टाकतो.

स्पार्कची लेखणी थंड आहे, कधी निर्दयही. सोंगे करणाऱ्या म्हाताऱ्यांवर ती हसते, तेव्हा तिला त्यांची थोडी कीव यायला हवी होती असे वाटते. जीनपाशी मात्र ते हसू थांबते. राखेच्या बुधवारी कपाळावर जे ऐकतो, तेच तिला दूरध्वनीविना ऐकू येत असते. शेवटी आपल्या वेदना देवाच्या गौरवार्थ वाहत, मृत्यूशी विश्वासाने बोलत ती अंथरुणावर पडून राहते.