संगणनशक्तीचे माप : ट्रान्सप्युटर ते ‘औम’

महासंगणकासाठी नवी प्रोसेसर-रचना पुढे आली की तिचे मूल्यमापन बहुधा एकाच आकड्यापाशी थांबते. पुण्याच्या सी-डॅकने २०२३ मध्ये तपशील मांडलेल्या ‘औम’ या प्रोसेसरचा असा आकडा ४.६ टेराफ्लॉप्स हा होय. आर्मच्या निओव्हर्स व्ही-१ रचनेचे ९६ कोअर, प्रत्येक कोअरच्या एका आवर्तनात १६ फ्लोटिंग पॉइंट क्रिया आणि ३ गिगाहर्ट्झ वारंवारता यांचा तो गुणाकार आहे. त्याला मोजमाप म्हणता येणार नाही.

यासंदर्भात सी-डॅकचाच पूर्वेतिहास पाहणे उद्बोधक ठरते. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये साकारलेला ‘परम ८०००’ इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटरवर उभा होता. प्रत्येक चिपवर शेजाऱ्याशी थेट बोलणारे चार दुवे, ही त्या रचनेची खरी ताकद. त्याच सुमारास तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘अनुपम’साठी इंटेलचा आय-८६० निवडला. त्याची कागदावरची गती मोठी होती. कंपायलरला मात्र ती क्वचितच गाठता येई. ट्रान्सप्युटरची अडचण निराळी होती. त्याचा वारसदार टी-९००० रखडला आणि अपेक्षित गतीही त्याला साधली नाही. पुढे सी-डॅकनेही ‘परम ८६००’मध्ये आय-८६० घेतला. तरीही मूळ निवड चुकीची होती असे प्रस्तुत लेखिकेला वाटत नाही. समांतर संगणनाची जाण असलेली पिढी त्याच यंत्रावर घडली.

जपानच्या ‘फुगाकू’चे उदाहरण अधिक बोलके आहे. त्याचा ए-६४-एफएक्स प्रोसेसरही आर्म वंशाचाच. नोव्हेंबर २०२० मध्ये लिनपॅक चाचणीत त्याने ४४२ पेटाफ्लॉप्स गाठले, तर विरळ समीकरणांच्या एचपीसीजी चाचणीत सुमारे १६. म्हणजे चार टक्क्यांहूनही कमी. आणि तरीही त्या चाचणीत तो जगात पहिलाच होता! हवामानाची प्रारूपे बव्हंशी या दुसऱ्या जातीची असतात. त्यांत गणकक्रियेपेक्षा स्मृतीतून विदा आणण्यातच वेळ जातो. ‘औम’च्या आराखड्यातील एचबीएम-३ स्मृती म्हणूनच ४.६ या आकड्यापेक्षा अधिक लक्षवेधी आहे.

पुण्यातच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. तेथील फोरट्रानमधील प्रारूप, फारसे फेरफार न करता, ‘औम’वर किती वेळात आणि किती विजेत चालते, ही चाचणी लिनपॅकच्या आधी व्हावी.